बोलणाऱ्याची वाट



व्याख्यानाचा मंडप ही मोठी सोयीची गोष्ट आहे. बोलणारा एक आणि ऐकणारे हजार, एवढे ठरले की मंडप घालणाऱ्याला एकच विवंचना उरते : कर्ण्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही. परंतु व्याख्यान आटोपल्यावर अध्यक्षांनी ‘कोणास काही विचारावयाचे आहे काय?’ असे म्हणावे आणि शंभर श्रोते एकदम उभे राहून बोलू लागावेत, म्हणजे तोच मंडप, तेच कर्णे आणि तेच श्रोते असूनही कोणाचे काहीच ऐकू येत नाही. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे तो या दुसऱ्या प्रसंगाचा इतिहास आहे.

खिशातला फोन काढून एखादा मनुष्य समोरचे दृश्य टिपतो आणि ते चालते चित्र त्याच क्षणी दूरच्या लोकांना दिसू लागते. त्याच्या हातातून ते प्रथम जवळच्या मनोऱ्याकडे हवेतून जाते आणि तेथून पुढे तारांच्या जाळ्यात शिरते. फोनपासून मनोऱ्यापर्यंतच्या या वाटेस आपण चढती वाट म्हणू, आणि मनोऱ्याकडून फोनकडे येणाऱ्या वाटेस उतरती. चित्रपट पाहणे, वृत्त वाचणे, गाणे ऐकणे हा सारा उतरत्या वाटेचा व्यवहार होय. चढत्या वाटेवर कोंडी का होते आणि ती फोडण्यासाठी कोणी काय केले, हे सांगताना माझे एक म्हणणे मी आधीच मांडून ठेवतो. जाळे बांधणाऱ्यांनी लोक बहुधा ऐकतील, क्वचित बोलतील, असा एक अंदाज फार पूर्वी बांधला. तो अंदाज यंत्रात गोठून राहिला आहे, आणि आज जो जो बोलू पाहतो त्याला तो आडवा येतो.

या कथेचा आरंभ हवाई बेटांवर होतो. १९७१ साली तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहा’ नावाचे बिनतारी जाळे चालू केले. होनोलुलूला एक मोठा संगणक, आणि विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या, म्हणून रेडिओने जोडावे असे ठरले. त्यांनी दोन स्वतंत्र लहरी योजल्या : एक संगणकाकडून बेटांकडे, दुसरी बेटांकडून संगणकाकडे. पहिल्या लहरीवर बोलणारा एकटा संगणकच असल्यामुळे तेथे तंटा नव्हता. तंटा दुसरीवर होता. दोन बेटांवरून एकाच क्षणी संदेश निघाले की ते हवेत एकमेकांवर आदळत आणि दोन्ही निकामी होत. अब्रॅमसन यांचा उपाय साधा होता. ज्याला बोलावयाचे त्याने बोलून टाकावे, पोच आली नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे, आणि तो वेळ प्रत्येकाने स्वैरपणे निवडावा, म्हणजे दोघे पुन्हा एकदम आदळणार नाहीत. हिशेब केला तेव्हा असे निघाले की या रीतीने त्या वाटेच्या सामर्थ्यापैकी फार तर १८.४ टक्के उपयोगात येते. पुढे ठरावीक ठोक्यावरच बोलण्याची शिस्त लावल्यावर हे प्रमाण दुप्पट, म्हणजे सुमारे ३७ टक्के झाले. बिनतारी जाळ्याच्या जन्मकाळीच चढती वाट ही अवघड वाट ठरली होती. हवाईच्या मंडळींनी आपल्या मधल्या यंत्राला तेथील लोककथांतल्या चिमुकल्या कामसू यक्षांचे ‘मेनेहुने’ हे नाव दिले होते. पुढच्या काळात यंत्रांची नावे इतकी गोड राहिली नाहीत.

आता क्षणभर तारांच्या जगाकडे वळले पाहिजे, कारण कोंडी सोडविण्याची विद्या तेथे तयार झाली. टेलिफोनच्या काळी कोंडीचा प्रश्न वेगळा होता. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग यांनी १९०९ ते १९१७ या वर्षांत इतक्या ग्राहकांना इतक्या तारा पुरतील काय, याचे गणित बसविले. तार मोकळी नसेल तर ग्राहकाला ‘लाइन एंगेज’ असा सूर ऐकू येई आणि प्रश्न तेथेच मिटे. एकदा तार मिळाली की संभाषण संपेपर्यंत ती त्याची.

संगणकांच्या जाळ्यात ही मालकी गेली. संदेशाचे तुकडे करावेत, प्रत्येकाचे पाकीट करून त्यावर पत्ता लिहावा, आणि सर्वांची पाकिटे त्याच तारांवरून सरमिसळ जाऊ द्यावीत, ही कल्पना अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना १९६० नंतरच्या काही वर्षांत स्वतंत्रपणे सुचली. या व्यवस्थेत ‘जागा नाही’ असे सांगणारा कोणीच नसतो. येईल ते पाकीट घ्यावयाचे, रांगेत लावावयाचे, आणि रांग भरली तर मुकाट्याने टाकून द्यावयाचे. डेव्हिस यांना यातला धोका लवकर दिसला. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी सुचविले की जाळ्यात ठरावीक संख्येचे परवाने फिरते ठेवावेत आणि परवाना हाती आल्यावाचून कोणीही पाकीट आत सोडू नये. सूचना विचाराची होती. पण अमेरिकेचे ‘अर्पानेट’ त्या वाटेने गेले नाही. १ जानेवारी १९८३ रोजी त्या जाळ्याने टीसीपी आणि आयपी हे नियम स्वीकारले. त्यांत घेणाऱ्याच्या घरात जागा किती आहे हे पाहण्याची सोय होती, मधल्या रस्त्यावर जागा किती आहे हे पाहण्याची नव्हती.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८४ मध्ये, फोर्ड एरोस्पेस या कंपनीतील जॉन नेगल यांनी एक टिपण लिहून इशारा दिला. त्यांनी दाखविलेली एक गंमत सांगण्याजोगी आहे. कळफलकावर एक अक्षर दाबले की त्या एका अक्षरासाठी चाळीस अक्षरांएवढा पत्ता लिहिलेले पाकीट निघे. चार आण्यांच्या जिन्नसाला दहा रुपयांचे वेष्टन! यावर त्यांनी उपाय दिला तो आजही त्यांच्या नावाने चालतो : पहिल्या पाकिटाची पोच येईपर्यंत पुढची अक्षरे साठवावीत आणि मग एकत्र पाठवावीत. परंतु त्याहून गंभीर गोष्ट त्यांनी सांगितली ती ही की जाळ्यावर भार वाढला म्हणजे पोच उशिरा येते, पोच उशिरा आली म्हणजे यंत्राला पाकीट हरवले असे वाटते, मग ते तेच पाकीट पुन्हा धाडते, आणि भार आणखी वाढतो. असे होता होता जाळे एका विचित्र अवस्थेत स्थिर होते; तारा भरभरून वाहत असतात, पण त्यांवरून जाते ती एकाच पत्राची पुनःपुन्हा केलेली नक्कल. नेगल यांनी या अवस्थेला ‘कोंडीचा कोसळा’ अशा अर्थाचे नाव दिले.

ऑक्टोबर १९८६ मध्ये तो कोसळा प्रत्यक्ष आला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यात अंतर ४०० यार्ड. त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. हे किती, ते आपल्या भाषेत सांगतो. रोमन लिपीतली दोन हजार अक्षरे असलेला एक कागद या वेगाने पाठविण्यास सहा-सात मिनिटे लागतात. तेवढ्यात कचेरीतला शिपाई तो कागद हातात घेऊन चारशे यार्ड चालत गेला असता तर यंत्राच्या आधी पोचला असता.

त्या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील मायकेल कॅरल्स यांनी या रोगाचे निदान केले आणि १९८८ साली ते निबंधरूपाने मांडले. त्यांचा उपचार असा : आरंभी एकच पाकीट सोडा, पोच आली की दोन, मग चार, मग आठ. एखादे पाकीट हरवले तर आपण मर्यादा ओलांडली असे समजून हात आखडा आणि पुन्हा हळूहळू वाढवा. वाट भरली आहे असे दिसल्यावर एक जुने पाकीट बाहेर पडल्यावाचून नवे आत सोडू नका. पोलीस नाही, परवाना नाही, दंड नाही. प्रत्येक पाठविणाऱ्याने स्वतःस आवरावे, एवढ्यावर सारे जाळे उभे राहिले, आणि ते टिकले. १९८९ मध्ये दा-मिंग चिउ आणि आपल्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले राज जैन यांनी गणिताने दाखवून दिले की वाढताना थोडेथोडे वाढावे आणि घटताना मोठ्या प्रमाणात घटावे, या रीतीनेच स्पर्धक अखेर समान वाट्यावर येतात. गरिबाच्या अर्ध्या कपातीहून श्रीमंताची अर्धी कपात मोठी असते, हे त्यातले मर्म.

मला हा प्रसंग या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो. परंतु या सौंदर्याच्या पायात एक गृहीत होते आणि जेकबसन यांनी ते लपविले नव्हते. पाकीट दोन कारणांनी हरवू शकते : वाटेत खराब झाल्यामुळे किंवा गर्दीमुळे. तारेवर पाकीट खराब होण्याचे प्रमाण शेकड्याला एकाहूनही पुष्कळ कमी. म्हणून हरवले म्हणजे गर्दीच, असे धरावे. तारेपुरते हे खरेच होते.

हवेत मात्र पाकिटे गर्दीवाचूनही हरवतात. मध्ये भिंत आली, गाडी बोगद्यात शिरली, पाऊस आला, हातातला फोन उलटा धरला, एवढ्यानेही लहर क्षीण होते. वाट मोकळी असते, आणि तरी शहाणे यंत्र ‘गर्दी आहे’ असे समजून आपला वेग अर्धा करते, पुन्हा अर्धा करते. सभ्यतेचाच हा अतिरेक. १९९५ मध्ये बर्कलीतच हरी बालकृष्णन, श्रीनिवासन शेषन, रँडी कॅट्झ प्रभृतींनी यावर तोडगा काढला. मनोऱ्यावरील यंत्राने जाणाऱ्या पाकिटांच्या प्रती जवळ ठेवाव्यात आणि हवेत हरवलेले पाकीट तेथल्या तेथे पुन्हा द्यावे, मूळ पाठविणाऱ्याला कळूच देऊ नये. पण हा तोडगा लागू पडतो कोणाला? मनोऱ्याकडून फोनकडे येणाऱ्या पाकिटांना. फोनकडून निघालेले पाकीट मनोऱ्यापर्यंत पोचलेच नाही, तर मनोऱ्याने प्रत ठेवावी कशाची? त्यासाठी त्यांना वेगळी योजना जोडावी लागली. चढत्या वाटेचा विचार पुरवणीत करावयाचा, ही रीत येथेही चुकली नाही.

याच सुमारास जाळ्यावर चालती चित्रे येऊ लागली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. पत्र उशिरा पोचले तरी पत्रच असते. पण थेट चित्राचा तुकडा वेळेवर आला नाही तर तो येऊन उपयोग नाही. त्याचा क्षण निघून गेलेला असतो. म्हणून चित्र पाठविणारे लोक टीसीपीला बगल देऊन, पोचेची वाट न पाहणाऱ्या रीतीने पाकिटे सोडू लागले. १९९९ मध्ये सॅली फ्लॉइड आणि केव्हिन फॉल यांनी स्पष्ट बजावले की असे बेमुर्वत प्रवाह वाढले तर सभ्य प्रवाहांची उपासमार होईल आणि जुना कोसळा परत येऊ शकेल. तेव्हा चित्रानेही स्वतःला आवरले पाहिजे. पण चित्र स्वतःला आवरते म्हणजे काय करते? पाकीट रोखून धरून भागत नाही; चित्रच हलक्या प्रतीचे करावे लागते, त्यातला तपशील कमी करावा लागतो. जाळ्याची बातमी थेट चित्र घडविणाऱ्या यंत्रापर्यंत पोचली पाहिजे, आणि तीही पावसेकंदाच्या आत.

आता चढत्या वाटेची बांधणी पाहा. घरोघर आलेल्या एडीएसएल नावाच्या टेलिफोन-तारेच्या योजनेत, १९९९ च्या प्रमाणाप्रमाणे, उतरत्या दिशेला सेकंदाला ऐंशी लक्ष बिटांपर्यंत जागा आणि चढत्या दिशेला सुमारे दहा लक्ष. विषमता तिच्या नावातच होती. बिनतारी ब्रॉडबँडमध्ये तर निसर्गही ऐकणाऱ्याच्याच बाजूचा. मनोऱ्यावरील प्रक्षेपकाची शक्ती वीस-चाळीस वॉटच्या घरात. फोनची सुमारे पंचमांश वॉट, कारण त्याला लहानशा बॅटरीवर जगावयाचे असते आणि तो माणसाच्या कानाशी असतो. मनोऱ्याचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत स्वच्छ ऐकू येतो, पण वेशीवरच्या फोनचे कुजबुजणे मनोऱ्याला मोठ्या कष्टाने ऐकावे लागते.

शिवाय हवाईतल्यासारखे वाटेल तेव्हा बोलून चालत नाही. २००१ ते २००५ या काळात सिद्ध झालेल्या ‘वायमॅक्स’ या योजनेत आणि २००९ च्या डिसेंबरात स्टॉकहोम व ऑस्लो येथे प्रथम चालू झालेल्या एलटीईमध्ये फोनने आधी ‘मला बोलावयाचे आहे’ असा अर्ज करावयाचा, आपल्याजवळ माल किती साठला आहे ते कळवावयाचे, आणि मनोऱ्याने वेळेचा एवढासा तुकडा मंजूर केला म्हणजे तेवढेच बोलावयाचे. अर्ज, मंजुरी, उक्ती : सारे काही हजारांश सेकंदांत, पण प्रत्येक वेळी. वायमॅक्सच्या कर्त्यांनी कमीजास्त आकाराच्या चालत्या चित्रासाठी मनोऱ्याने आपण होऊन वारंवार विचारपूस करावी, असा खास वर्गही ठेविला होता. डेव्हिस यांचे परवाने पस्तीस वर्षांनी निराळ्या वेषात परत आले, ते फक्त हवेतल्या वाटेपुरते. तारेच्या जाळ्यात परवाना नाही आणि हवेत परवान्यावाचून पाऊल नाही. एकाच चित्राला हे दोन कायदे पाळत जावे लागते.

याचा एक परिणाम कोणाच्या लवकर ध्यानात आला नाही. एलटीईने हवेत हरवलेले तुकडे स्वतःच पुनःपुन्हा पाठवून हरवणे जवळजवळ नाहीसे केले. जुन्या तक्रारीवर हा उत्तम उपाय होता. पण पाकीट हरवतच नाही म्हटल्यावर जेकबसन यांच्या रीतीला गर्दी कळावी कशी? मंजुरी येईतो पाकिटे फोनच्याच पोटात साठत राहतात, आणि स्मृती स्वस्त झाल्यामुळे ते पोट भले मोठे असते. पाठविणारा कार्यक्रम आनंदाने चित्र ओतत राहतो. काही हरवत नाही, सर्व काही पोचते, पण पाच सेकंदांनी, दहा सेकंदांनी. २०१० च्या अखेरीस जिम गेटिस यांनी घरच्या जाळ्यात हाच रोग पाहिला आणि फुगलेल्या कोठारांचा रोग म्हणून त्याला प्रसिद्धी दिली. फोनवर ‘हॅलो, ऐकू येते का?’ असे दोन्हीकडून एकाच वेळी विचारले जाते, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हे कोठार असते.

म्हणून नव्या पिढीने हरवण्याकडे पाहणे सोडून उशिराकडे पाहावयास आरंभ केला. पाकिटे ज्या अंतराने निघाली त्याहून अधिक अंतराने पोचू लागली तर रांग वाढते आहे. मग कोठार भरण्यापूर्वीच चित्राची प्रत उतरवावी. २०१३ मध्ये किथ विन्स्टाइन, अनिरुद्ध शिवरामन आणि तेच हरी बालकृष्णन यांनी ‘स्प्राउट’ ही रीत मांडली. ती फोनच्या वाटेचे पुढच्या काही क्षणांचे भाकीत करून तेवढेच पाठवी. गूगलने ब्राउझरमधील संभाषणासाठी उशिराच्या चढ-उतारावर चालणारी रीत घडविली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीतील मंडळींची ‘स्क्रीम’ नावाची रीत डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुख्यतः एलटीई डोळ्यांपुढे ठेवून केलेली. आणि तिच्या गाभ्यात काय आहे? वाटेवर किती माल आहे त्यावर मर्यादा ठेवावी आणि पोच येईल त्या ठोक्याने नवा माल सोडावा. ४०० यार्डांच्या कोंडीतून निघालेले तत्त्वच ते.

यात जिवाशी संबंध असलेले काय आहे, असे आपण विचाराल. ६ जुलै २०१६ रोजी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील फाल्कन हाइट्स येथे पोलिसाने मोटार थांबवून फिलँडो कॅस्टील यांच्यावर गोळ्या झाडल्या. शेजारी बसलेल्या डायमंड रेनल्ड्स यांनी त्यानंतर लगेच पुढचे दृश्य फोनवरून थेट जगाला दाखविले. त्यांच्या हातातल्या फोनला चढत्या वाटेवर काही लक्ष बिटांची जागा मिळाली नसती तर ती साक्ष त्या वेळी कोणापर्यंतही पोचली नसती. अशा चित्राला सुबकपणा नको असतो. ते धूसर झाले तरी चालेल, तुटता कामा नये. उलट दूरच्या वैद्याला जखम दाखविणाऱ्याला क्षणभर उशीर चालेल, धूसरपणा चालणार नाही. यांपैकी कोणाचा त्याग करावयाचा, हे फोनमधील रीत ठरविते, आणि तिला समोर कोणते दृश्य आहे हे ठाऊक नसते.

दुसरा प्रसंग आपल्या घरातला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भारतातील चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्यांनी फोनवरील चित्राची प्रत ४८० ओळींपर्यंत खाली आणण्याचे मान्य केले. जाळे वाचविण्यासाठी हे योग्यच होते. पण हा सारा उपाय उतरत्या वाटेचा. त्याच महिन्यांत शाळा-कॉलेजे फोनवर भरू लागली आणि प्रथमच लाखो मुलांना आणि मास्तरांना ऐकण्याबरोबर दिसावयाचे आणि बोलावयाचे होते. कोकणात मुले अभ्यासासाठी डोंगरावर जाऊन बसली, तेथे झोपडी उभारल्याचेही वृत्त आले. ज्या मुलाला मास्तरांचा आवाज ऐकू येई, त्याचे उत्तर मास्तरांना ऐकू येईलच असे नव्हते. पुष्कळ वर्गांत कॅमेरे बंद ठेवण्याची सूचना देऊन प्रश्न मिटविण्यात आला. मिटविला म्हणण्यापेक्षा बोलणाऱ्याला गप्प बसविले म्हणणे अधिक सरळ होईल.

अलीकडे एक जुना विचार परत येत आहे. गर्दीचा अंदाज प्रत्येकाने बाहेरून का करावा? मधल्या यंत्रानेच पाकिटावर ‘येथे रांग वाढते आहे’ अशी खूण का करू नये? राज जैन आणि के. के. रामकृष्णन यांनी १९८० नंतरच्या दशकातच एका बिटाची अशी खूण सुचविली होती. २००१ मध्ये ती इंटरनेटच्या नियमांत आली, पण व्यवहारात फारशी रुळली नाही. जानेवारी २०२३ मध्ये ‘एलफोरएस’ या नावाने तिचे अधिक बारीक रूप प्रसिद्ध झाले. चढत्या वाटेला याचा लाभ विशेष, कारण रांग फोनच्याच पोटात असते. खूण करणारा आणि चित्र काढणारा एकाच डबीत बसलेले असतात आणि तरी आजवर एकमेकांशी बोलत नव्हते.

राहता राहिली वाटेची रुंदी. पाचव्या पिढीच्या जाळ्यात चढती आणि उतरती वाट पुष्कळदा एकाच लहरीवर असते आणि वेळ वाटून घेतला जातो. या वाटणीचा ठिकठिकाणी रूढ झालेला एक नमुना असा : वेळेचे पाच तुकडे घ्यावयाचे, तीन उतरत्या वाटेला, एक दिशा बदलण्याच्या खटपटीत बहुतांशी उतरत्याच बाजूला, आणि पाचवा चढत्या वाटेला. हे प्रमाण लोखंडात ओतलेले नाही, ते बदलता येते. मात्र शेजारच्या मनोऱ्यांनी एकमेकांत गोंधळ करू नये म्हणून ते सर्वांनी मिळून, एकाच वेळी बदलावे लागते.